सत्तावीस नंबरचे ठोके

खरं सांगायचं तर ही गोष्ट लिहायचीच नाही असं ठरलं होतं. दोनदा मोबाईलवर टाईप केली, दोनदा पुसली. हिच्यात एक लबाडी आहे आणि लबाडी करणारा पोरगा तसा वाईट नव्हता. दोन्ही एका दमात सांगायचं म्हणजे तारांबळ उडते. पण गोष्ट अभिमानाची आहे, आणि अभिमानाची गोष्ट पोटात दाबून ठेवली की आतून ढुशा मारत राहते. तेव्हा घ्या.

दहावीच्या वर्गात दोन मित्र होते. एकाला सगळे टाचणी म्हणायचे, कारण बाजूनं बघितलं तर तो दिसायचाच नाही. दुसरा इंजिन. हा बेकरीवाल्याचा मुलगा, अंगानं भरलेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत असा काही फुसफुसायचा की पहिल्या बाकावरच्या मुली मान न वळवता म्हणायच्या, "गाडी आली गं, दार उघड." इंजिनही हसायचा. टाचणीला मात्र ठाऊक होतं, हसून झालं की तो बाकावर बसून दोन मिनिटं वहीत काहीतरी शोधल्यासारखं करतो. वहीत काही नसायचं. श्वास शोधत असायचा.

टाचणीचं डोकं गणितात पळायचं. पाय कशातच पळायचे नाहीत, पण त्याबद्दल त्याला कधी कुणी बोललं नाही. बारीक माणूस म्हणजे तंदुरुस्त माणूस असा सगळ्यांचा समज. त्याचा स्वतःचाही.

त्या वर्षी शाळेत पीटीच्या नवीन बाई आल्या. पन्नाशीच्या, एका गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. पण शिट्टी फुंकायच्या नाहीत, टाळी वाजवायच्या. शाळेला मैदान असं नव्हतंच. मागच्या बाजूला फरशी घातलेलं अंगण, त्यात निम्म्या सायकली. बाईंनी आल्या आल्या मोडके बाक सुताराकडून कापून घेतले आणि फूटभर उंचीचे एकवीस ठोकळे करून घेतले. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळ्या वर्गानं जोड्या लावायच्या. एकानं ठोकळ्यावर चढायचं आणि उतरायचं, बाईंच्या टाळीवर. वर, वर, खाली, खाली. तीन मिनिटं. मग लगेच बसायचं आणि जोडीदारानं त्याचं मनगट धरून घड्याळात बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. मग अदलाबदल.

"स्वतःची नाडी स्वतः मोजायची नाही," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "माणूस स्वतःला सूट देतो. दुसऱ्याच्या हातात मनगट द्या. दुसरा सूट देत नाही."

बाईंचं एवढं एकच गणित चुकलं.

आकडे एका मोठ्या तक्त्यावर जायचे. तक्ता व्हरांड्यात, नाव कुणाचं नाही, फक्त हजेरी नंबर. कुणाची थट्टा व्हायला नको म्हणून. पण दहा वर्षं एकत्र शिकलेल्या पोरांना एकमेकांचे हजेरी नंबर पाठ असतात, हे बाईंना कोण सांगणार? पहिल्या मंगळवारी सत्तावीस नंबरपुढं एकशे चाळीस हा आकडा पडला. वर्गातला सगळ्यात मोठा. दहा मिनिटांत बोंब झाली.

"एकशे चाळीस! याच्या डोक्यावर पातेलं ठेवा, पाणी उकळेल."

"बेकरीला वेगळी भट्टी कशाला? हा आहे की!"

इंजिन हसला. त्या दिवशी तो मागच्या फाटकानं घरी गेला, आणि पुढचे चार पीटीचे तास त्याच्या पोटात दुखलं.

दुसऱ्या महिन्यात टाचणीनं त्याला जवळजवळ ओढतच अंगणात आणलं. ठोकळ्यावर चढ-उतर झाली, इंजिन धपकन बसला, टाचणीनं मनगट धरलं. एकशे एकोणचाळीस. नीट मोजले त्यानं. बाई पेन्सिल घेऊन शेजारी उभ्या.

"सत्तावीस?"

टाचणीनं तोंड उघडलं आणि तोंडातनं आलं, "एकशे बत्तीस."

त्यानं काही ठरवलं नव्हतं. पण बाई पुढं सरकल्यावर इंजिननं घामेजलेलं तोंड वर करून विचारलं, "किती?" आणि टाचणी म्हणाला, "बत्तीस. आठ उतरले." तेव्हा त्या तोंडावर जे काही उजळलं ते बघून टाचणीची जीभ टाळ्याला चिकटली. आता मागं फिरायचं कसं?

मग पुढच्या महिन्यात एकशे चोवीस. मग एकशे सोळा. तिसऱ्या महिन्यापासून तर टाचणी मोजायचाही नाही. मनगट धरायचं, मिनिटभर घड्याळाकडं गंभीर तोंड करून बघायचं आणि मागच्या आकड्यातनं आठ वजा करायचे. पाचव्या वेळी खोटं लिहिलं तेव्हा सत्तावीस नंबरपुढं शंभर होते. वर्गात जी मुलगी सगळ्यात जोरात पळायची तिचे एकशे दोन होते. ती तक्त्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "इंजिन, तू रात्री काय खातोस ते मला पण सांग."

मजा म्हणजे त्या खोट्या आकड्यांवर इंजिन खरा सुधारायला लागला होता. पोटदुखी गेली. तासाला तो पुढच्या रांगेत उभा राहायला लागला. दुपारच्या भूगोलाला झोपायचा, तो जागा राहायला लागला. बुटाची नाडी बांधताना श्वास धरावा लागायचा, तो लागेनासा झाला. नाडीचे ठोके मात्र तसे हट्टी. आठवड्यातल्या दोन तासांनी जेवढे उतरायचे तेवढेच उतरले असणार. किती, ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण मोजणारा मोजतच नव्हता.

बेकरीवाल्या काकांना तर काय करू नि काय नको असं झालं होतं. दर महिन्याला टाचणीच्या दप्तरात बिस्किटांचा पुडा. "घे रे बाबा, तुझ्या हाताला यश आहे. तू याची नाडी धरलीस आणि पोरगं मार्गाला लागलं." शंभर झाले त्या दिवशी काकांनी गल्लीत घरोघरी केक वाटला. टाचणीनंही खाल्ला. तो केक दोन दिवस त्याच्या छातीतच अडकून होता.

आणि मग हेडसरांची सूचना लागली. पुढच्या सत्रापासून दहावीचे पीटीचे दोन्ही तास गणिताला. "वर्ष बोर्डाचं आहे," हेडसर म्हणाले, "उड्या मारून कुणी पास होत नाही." गणिताच्या सरांचा अभ्यासक्रम खरोखरच मागं होता, त्यामुळं त्यात त्यांचाही काही दोष नव्हता.

बाई हेडसरांच्या केबिनमध्ये गेल्या. अर्ध्या तासानं बाहेर आल्या तेव्हा कान लाल होते, पण हातात काहीतरी पडलं होतं. चार आठवड्यांनी पालकसभा. तिथं त्यांना दहा मिनिटं मिळणार. पालकांनी हात वर केले तर तास राहणार, नाहीतर गेले.

"मी भाषण करणार नाही," बाईंनी वर्गाला सांगितलं. "भाषण सगळेच करतात. मी त्यांना ठोके दाखवणार. सिस्टर येणार आहेत." म्हणजे वर्गातल्या एका मुलीची आई, दवाखान्यात नर्स होती ती. "सगळ्यांसमोर एकजण ठोकळ्यावर चढेल आणि सिस्टर मोजतील. एकशे चाळीसवरनं शंभरावर आलेला एक मुलगा या शाळेत आहे. मी वीस वर्षं शिकवतेय, असं उतरलेलं हृदय मी बघितलं नाही. सत्तावीस नंबर, येशील?"

इंजिन उभा राहिला. बाक मागं सरकल्याचा आवाज झाला. "येईन, बाई."

शेजारी बसलेल्या टाचणीच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बेकरीच्या मागच्या दारी हजर. "सहज सराव करू," म्हणाला. दाराच्या पायरीवर इंजिनला तीन मिनिटं चढवलं-उतरवलं आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा मनापासून मोजलं.

एकशे चौतीस.

हे असं होतं बघा. सभेत सिस्टर मोजणार, आकडा येणार एकशे तीस-पस्तीस, मागं तक्त्यावर शंभर लिहिलेले. बाई खोट्या पडणार, तास जाणार, आणि भरल्या हॉलमध्ये, स्वतःच्या बापासमोर, इंजिनचं हसं होणार. पहिल्या महिन्याचं हसणं याच्यापुढं काहीच नाही. आणि हे सगळं एका माणसानं केलेलं, ज्याच्या हाताला म्हणे यश होतं.

"किती?" इंजिननं विचारलं.

"आहेत शंभराच्या आसपास," टाचणी म्हणाला. "पण सभेत धाकधूक होणार. रोज सकाळी पळू या."

बेकरीच्या मागून पाण्याच्या टाकीकडं एक चढ जातो. त्यावर विजेचे चौदा खांब. पहिल्या दिवशी दोघं पळायला लागले आणि तिसऱ्या खांबाशी एकजण कमरेत वाकून, बरगडी दाबून उभा राहिला. तो इंजिन नव्हता.

"काय रे," इंजिन पाचव्या खांबाकडून ओरडला, "टाचणी वाकली?"

"बूट... चावतोय..."

"बूट बरगडीत घालतोस काय?"

तेव्हा टाचणीला कळलं की आपण बारीक आहोत, एवढंच. त्याच्या पलीकडं आपल्यात काही नाही. मग ठरलं, दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. दुसऱ्या आठवड्यात एक चालायचं, एक पळायचं. टाकीच्या कट्ट्यावर बसलं की खालचं गाव दिसायचं, बेकरीच्या धुराड्यातनं धूर. इंजिन बोलायचा, खूप बोलायचा. आईनं शर्टाची बटणं आत घेऊन लावलीत. रात्री पडल्या पडल्या झोप लागते. प्रमेयं सकाळी पाठ केली की राहतात. परवा धाकट्या बहिणीला पाठंगुळी घेऊन दोन मजले चढलो, कुठंही थांबलो नाही. टाचणी ऐकायचा आणि दर शनिवारी मोजायचा. एकशे बत्तीस. एकशे सत्तावीस. तिसऱ्या आठवड्यात तर एक वाढलाच, एकशे अठ्ठावीस. शंभर अजून अठ्ठावीस ठोके लांब आणि हातात एक आठवडा. टाचणीला येत असलेलं कुठलंही सूत्र इथं लागू पडत नव्हतं.

सभेला सहा दिवस असताना मधल्या सुट्टीत गणिताचे सर व्हरांड्यात तक्त्यासमोर उभे होते. चष्मा कपाळावर, नाक कागदाला टेकलेलं.

"इकडं ये," त्यांनी टाचणीला बोलावलं. टाचणी त्यांचा लाडका. "ही सत्तावीसची ओळ वाच."

"एकशे चाळीस, एकशे बत्तीस, एकशे चोवीस, एकशे सोळा, एकशे आठ, शंभर."

"काय आहे हे?"

टाचणीनं ओळ परत एकदा वाचली. "अंकगणिती श्रेढी, सर."

"फरक?"

"वजा आठ."

"शाबास." सरांनी चष्मा खाली घेतला. "आता बाकीच्या ओळी बघ. वर जातात, खाली येतात, मध्येच अडतात. माणसांची हृदयं आहेत ती. आणि हा एकटा पोरगा श्रेढीत चालतो. अशानं वर्षभरात शून्यावर येईल की रे तो. आपण सगळे मातीला जायचे."

टाचणीला हसूही येईना आणि रडूही येईना.

"याचा जोडीदार कोण आहे ते मला माहितीये," सर हळू आवाजात म्हणाले. "एवढी देखणी श्रेढी या वर्गात दुसरं कोण काढणार? हे बघ, मला तास हवाय. माझे तीन धडे बाकी आहेत. पण असा फुकटात नको. सभेत मी हा प्रश्न विचारणार. त्याच्या आधी उत्तर देणारानं उत्तर दिलं, तर मला विचारावा लागणार नाही."

जिन्याखाली खेळाची खोली होती. खोली कसली, कपाटच. बाई आत स्टुलावर बसून चेंडूत हवा भरत होत्या. टाचणीनं दारातूनच सगळं सांगून टाकलं, न थांबता, एका श्वासात, कारण थांबला असता तर पुढं बोललाच नसता. बाईंचा पंपावरचा हात थांबला. चेंडू हळूहळू सुस्कारत बसत गेला.

"खरा आकडा?"

"आज सकाळी मोजला बाई. एकशे पंचवीस. तीन आठवड्यांपूर्वी एकशे चौतीस होते."

बाईंनी पंप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "चूक तुझी आहे. ती काही मी पदरात घेणार नाही. पण थोडी माझीही आहे. वीस वर्षांत असा आकडा बघितला नाही म्हणते मी, मग मला शंका यायला नको होती? आली नाही, कारण मला तो आकडा आवडला."

"बाई, दुसऱ्या कुणाला तरी उभं करा ना. अजून वेळ आहे."

"ते मी ठरवणार नाही आणि तू तर नाहीच नाही. ज्याचे ठोके आहेत त्याला जाऊन सांग."

इंजिन बेकरीच्या मागं ट्रे घासत बसला होता. टाचणी समोरच्या पिठाच्या पोत्यावर टेकला.

"तुझे शंभर नाहीत."

"मग? एकशे एक?"

"एकशे पंचवीस. पायरीवर मोजले त्या दिवशी एकशे चौतीस होते. शंभर कधीच नव्हते. मी लिहिले."

इंजिननं ट्रे खाली ठेवला. "बत्तीस?"

"खोटे."

"चोवीस?"

"खोटे. पहिला आकडा सोडला तर सगळे."

"बाबांनी केक वाटला."

"माहितीये."

"तू पण खाल्लास."

"खाल्ला."

इंजिन उठला, नळाखाली हात धुतले, शर्टाला पुसले. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "का पण?"

"ते सगळे तुला हसत होते."

"मला हसत होते. तुला कोण हसलं? तू कशाला घाबरलास?"

टाचणी पोत्याचा सुटलेला धागा ओढत बसला.

"तुला वाटलं याच्यात दम नाही. याला खरं झेपायचं नाही." इंजिननं ट्रे उचलला. "जा आता. मला काम आहे."

पुढचे पाच दिवस टाचणी सकाळी चढावर जायचा. इंजिन आधीच पुढं गेलेला असायचा, सातव्या-आठव्या खांबाशी, पाठ दिसायची. मागं वळून बघायचा नाही. टाचणी पाठीमागं पळत राहायचा. कितव्या तरी दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपण न थांबता अकरावा खांब ओलांडला. पण हे सांगायचं कुणाला?

सभेला हॉल भरला होता. पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, कुणी हलला की किरकिर. पुढं एक ठोकळा, मागं तक्ता. चढणार मीच आणि तक्ता आहे तसाच राहू दे, असं इंजिननं बाईंना कळवलं होतं. शाळेतली पोरं बाहेर व्हरांड्यात खिडक्यांना लटकलेली, आत फक्त दहावीचे काही, मागच्या भिंतीला टेकून. टाचणी त्यांच्यात. गणिताचे सर पहिल्या रांगेत, हाताची घडी. बेकरीवाले काका तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारच्याला सांगत होते, "सत्तावीस नंबर आपलाच."

बाई फार काही बोलल्या नाहीत. "हे मूल बघा," एवढंच म्हणाल्या आणि टाळी वाजवली.

वर, वर, खाली, खाली. इंजिनचे बूट लाकडावर एका लयीत पडत होते. पहिल्या मिनिटाला कुणीतरी फिस्स केलं. दुसऱ्या मिनिटाला हॉल गप्प. तिसऱ्या मिनिटाला त्याच्या शर्टाची पाठ भिजली, पण टाळी आणि पाऊल यांच्यात केसाएवढंही अंतर पडलं नाही. मग तो बसला. सिस्टरनी मनगट धरलं. टाचणीला वाटलं, आख्ख्या हॉलची नाडी त्या एका मनगटात उडतेय.

"एकशे एकवीस," सिस्टर म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना तक्त्याकडं वळल्या. कुजबुज सुरू झाली. हेडसरांनी भुवई वर केली. गणिताच्या सरांची हाताची घडी तशीच.

इंजिन उठला. अजून धाप होती, पण वाक्य पूर्ण करता येईल एवढीच. "तक्त्यावरचे माझे आकडे खोटे आहेत," तो म्हणाला. "पहिला तेवढा खरा."

काकांच्या तोंडावरचं हसू तिथल्या तिथं गोठलं. टाचणी भिंत सोडून पुढं आला. "मी लिहिले," त्याचा आवाज चिरकला. "मी सांगेपर्यंत मी सांगेपर्यंत याला माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. हा दरवेळी खरंच चढायचा-उतरायचा. खोटं फक्त माझं."

मागून कुणीतरी म्हणालं, "शाबास रे शाळा!" कुणीतरी हसलं. इंजिननं हसणाराकडं सरळ बघितलं, तो गप्प होईपर्यंत.

"चार आठवड्यांपूर्वी माझे एकशे चौतीस होते," तो पुढं म्हणाला. "आज एकशे एकवीस. शंभर नाहीत. वर्गात अजून मीच शेवटून तिसरा असेन. पण हे तेरा ठोके मी उतरवलेत. कुणी लिहून दिलेले नाहीत."

आता हे ऐकून टाचणीला खरं म्हणजे लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण लाजेच्या वरताण छातीत काहीतरी असं फुगलं की श्वासाला जागा उरेना. हा माझा मित्र, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण तो हक्क त्यानंच घालवला होता, म्हणून गप्प राहिला.

एक शिंपीकाका मोबाईलवर हिशेब करून उठले. "मिनिटाला तेरा, म्हणजे दिवसाला अठरा हजार सातशे वीस ठोके वाचले की हो!"

"तसा गुणाकार करायचा नसतो," गणिताच्या सरांना राहवेना. "हे चढ-उतर केल्यानंतरचे ठोके आहेत. चोवीस तास कुणी ठोकळ्यावर नाचत नाही." हॉल हसला. सर उठून पुढं आले. "पण बाकीच्या एकेचाळीस ओळी मी आठवडाभर बघतोय. त्या मला खऱ्या वाटतात. खात्री करून घेऊ. सिस्टर, तुम्हाला वेळ आहे ना? कुणीही पाच नंबर सांगा, पोरं खिडकीतच आहेत."

पालकांनी पाच नंबर पुकारले. पाचजण आत आले, चढले, उतरले, बसले. चौघांचे आकडे पहिल्या महिन्यापेक्षा उतरलेले निघाले, कुणाचे नऊ, कुणाचे एकवीस. पाचव्याचा होता तिथंच होता. "मी बाई बघत नसल्या की ठोकळ्याला नुसता पाय लावतो," त्यानं आपणहून सांगून टाकलं. त्या दिवशी हॉलमध्ये खरं बोलायची साथच आली होती.

मग काका उभे राहिले. टाचणीनं मान खाली घातली.

"मला आकड्यातलं कळत नाही," काका म्हणाले. "खोट्या आकड्यावर मी गल्लीभर केक वाटला, ते माझं मी बघून घेईन. त्या बारक्याकडंही बघेन. पण मी पहाटे भट्टी लावायला उठतो, तर हा माझ्या आधी बूट घालून बसलेला असतो. दहावीचं पोरगं, हाक न मारता उठतंय. पूर्वी दोन हाका, एक तांब्याभर पाणी, तरी उठायचं नाही. आणि आत्ता एवढ्या माणसांत याचं पितळ उघडं पडलं, ते याचं नसताना, तरी हा जागचा हलला नाही." काका खाकरले. "हे कुठल्या तासाला शिकवतात ते मला माहीत नाही. पण तो तास काढू नका."

हेडसरांनी हात वर करायला सांगितलं. खुर्च्या किरकिरल्या. मोजायची गरजच पडली नाही. पहिल्या रांगेत एक हात वर होता, खडूनं पांढरा झालेला. "माझे तीन धडे मी शाळेआधी घेईन," गणिताचे सर हेडसरांना म्हणाले. "पोरं आता लवकर उठायला लागलीत म्हणे."

 बाईंनी गळ्यातली शिट्टी उगाच दोनदा पुसली.

सभा संपल्यावर काकांनी टाचणीचा कान धरला, चांगला पिळला, आणि मग त्याच हातानं पाठीवर एक थाप मारली. तिनंही तेवढंच लागलं.

हॉल रिकामा झाला. टाचणी पुढचा ठोकळा उचलायला वाकला, तर दुसऱ्या बाजूनं दोन हात आले. दोघं तो अंगणापर्यंत घेऊन गेले.

"अकरा खांब," इंजिन म्हणाला. सहा दिवसांतला पहिला शब्द.

"तू बघत होतास?"

"मागं कुणीतरी भात्यासारखं फुसफुसतंय, बघायला कशाला लागतं?"

टाचणी हसला. इंजिन नाही हसला, पण ठोकळ्यावर बसला आणि शेजारी जागा ठेवली.

"बाई विचारत होत्या, पुढच्या महिन्यात जोडी बदलायची का."

"मग?"

"म्हटलं, विचारून सांगतो." इंजिन बुटाच्या टोकाकडं बघत होता. "हसण्याचं मला काही नाही रे. ते आधीपासून आहे, मला त्याची सवय आहे. पण मी तुला किती म्हणून विचारलं आणि तू मला बघून उत्तर दिलंस, घड्याळ बघून नाही. ते लागलं मला."

टाचणीनं ठोकळ्याची कड नखानं खरवडली. त्याला काहीतरी छान बोलायचं होतं, पण छान बोलूनच तर एवढं सगळं झालं होतं.

"जोडी नको बदलूस," तो शेवटी म्हणाला. "उतरले तर उतरले सांगेन, वाढले तर वाढले सांगेन. वर्ग हसला तर तुझ्या शेजारी उभा राहीन. पण तुझ्या वाटचं मी घाबरणार नाही, परत कधीच नाही. शब्द देतो तुला."